शिष्टाचार कोणाशी?

न्हावऱ्याला समुद्र नाही. शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या या उसाच्या गावात आम्हांला जहाज भेटते ते प्रवासवर्णनांतूनच. त्यांत क्रूझ आली, की रात्रभोजनाचा पोशाख, काट्यासुरीचा क्रम, कप्तानाबरोबरचे छायाचित्र यांची रसभरीत नोंद असतेच. जीवरक्षक जाकिटे घालून करायची कवायत मात्र एका ओळीत, आणि तीही 'कंटाळवाणी' म्हणून, उरकलेली. आमचा आक्षेप या एका ओळीला आहे.

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जील्यो बेटाजवळ 'कोस्ता कॉन्कॉर्दिया' खडकावर आदळली. ३२ माणसे गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. ती चोवीस तासांत उरकण्याची मुभा तेव्हाच्या नियमांतच होती. २०१५पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते.

आपल्याकडचे उदाहरणही विसरण्याजोगे नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया'च्या उद्घाटनप्रसंगी तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या पत्नी सुरक्षित हद्दीपलीकडे, जहाजाच्या कडेवर बसून सेल्फी काढताना दिसल्या. सुरक्षा कर्मचारी त्यांना सावध करीत होते. गाजली ती सेल्फी. सावध करणाऱ्याचा शब्द मोडला गेला, ही खरी असभ्यता होती. टाय न बांधता जेवायला बसणे ही नव्हे.

ललित लेखनाकडून सुरक्षापत्रकाची अपेक्षा कशाला, असे कोणी विचारील. पण पोशाखाचे पत्रक तर याच लेखकांनी इमानाने उतरवून घेतलेले असते!