हद्दपार घंटेचं गाव

रशियाला जाणाऱ्या आपल्या मंडळींचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. मॉस्कोचा रेड स्क्वेअर, तिथली मेट्रो, सेंट पीटर्सबर्गचं हर्मिटाज, जमलं तर एखादा बॅले आणि शेवटी एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्यांची खरेदी. सहलीच्या कागदावर जेवढे 'पॉइंट' तेवढी वसुली. यात वाईट काहीच नाही. पण सायबेरियाचं नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, "तिथे काय बघायचं? बर्फ?"

तर या शनिवारचा विषय हाच. पश्चिम सायबेरियात इर्तिश नदीच्या काठावर तोबोल्स्क नावाचं शहर आहे. वस्ती लाखाच्या आसपास. तिथे बघण्यासारखं भरपूर आहे, पण ते बघायची पद्धत थोडी बदलावी लागते. कारण या गावातली प्रेक्षणीय स्थळं एका ओळीत मांडली तर एक विचित्र गोष्ट दिसते, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी शिक्षा भोगलेली आहे. हे ध्यानात न घेता तोबोल्स्क बघितलं तर पांढऱ्या भिंतींचे छान फोटो मिळतील, बाकी काही मिळणार नाही. हे माझं मत, आणि ते का ते सांगतो.

आधी थोडा इतिहास. कोसॅक सरदार येर्माकने १५८२ मधे कुचुम खानाची राजधानी घेतली. त्या राजधानीचं एक नाव होतं 'सिबिर', आणि त्यावरूनच अख्ख्या प्रदेशाला सायबेरिया हे नाव पडलं. तिच्यापासून जवळच, तोबोल नदी इर्तिशला मिळते त्या भागात, १५८७ मधे दानिला चुल्कोवने तोबोल्स्कचा किल्ला वसवला. पुढे पीटर द ग्रेटने १७०८ मधे देशाचे प्रांत पाडले तेव्हा सायबेरिया प्रांताची राजधानी हीच झाली. उरलपासून थेट पॅसिफिकपर्यंतचा कारभार या एका गावातून चालायचा. थोडक्यात, आजच्या एखाद्या खंडाएवढ्या मुलखाचं हेड ऑफिस.

शहराचे दोन भाग आहेत, वरचं आणि खालचं. वर टेकाडाच्या कडेवर क्रेमलिन, खाली नदीकाठच्या सखल जागेत जुनी वस्ती. दोन्हींना जोडणारा एक चढ आहे आणि त्यावर सुमारे २०० लाकडी पायऱ्या. पर्यटक वर येतात, क्रेमलिन बघतात, कड्यावरून खालच्या छपरांचा फोटो काढतात आणि परत जातात. माझी तक्रार नेमकी इथे आहे. पण आधी वरचं बघू.

सायबेरियातलं दगडी म्हणावं असं क्रेमलिन हे एकच. त्यातलं सोफिया कॅथेड्रल १६८० च्या दशकातलं, सायबेरियाच्या सगळ्यात जुन्या दगडी इमारतींपैकी. पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट. क्रेमलिनच्या आखणीमागचा माणूस म्हणजे सेम्योन रेमेझोव. हा गडी वास्तुविशारद, नकाशाकार, इतिहासलेखक, सगळंच होता. त्याने १७०१ मधे सायबेरियाचा जो ॲटलस पूर्ण केला, तो रशियातल्या पहिल्या ॲटलसांमधे मोजला जातो. (त्याच्या नकाशांत दक्षिण वर असते. आपण उत्तर वर धरतो ती सुद्धा एक सवयच, नाही का!) २०२१ मधे गावात नवा विमानतळ झाला, त्याला रेमेझोवचंच नाव दिलंय. एका नकाशाकाराच्या नावाचा विमानतळ, ही गोष्ट मला तरी फार आवडली.

आता क्रेमलिनमधली घंटा. १५९१ मधे उग्लिच गावात इव्हान द टेरिबलचा धाकटा मुलगा दिमित्री गळ्यावर जखम होऊन मेला. वय जेमतेम आठ वर्षं. खून की अपघात, यावर इतिहासकार अजून भांडतात. ती बातमी कळवायला गावातली घंटा वाजली, लोक जमले, आणि ज्यांच्यावर संशय होता त्यांना जमावाने मारून टाकलं. मग मॉस्कोहून चौकशी आली, पाठोपाठ शिक्षा आली. उग्लिचच्या अनेक लोकांना सायबेरियात धाडलं. आणि त्यांच्याबरोबर घंटेलाही! परंपरेने सांगतात ते असं, की तिला मनोऱ्यावरून खाली टाकलं, फटके मारले, तिचा एक कान तोडला आणि आतला लोलक काढून घेतला. (रशियन भाषेत लोलकाला 'जीभ'च म्हणतात.) १५९३ मधे ती तोबोल्स्कला पोचली. तिची सुटका झाली १८९२ मधे. म्हणजे शिक्षा जवळपास ३०० वर्षांची. आज तोबोल्स्कमधे आहे ती तिची प्रतिकृती.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. घंटेला फटके, हा हा हा. मला मात्र यात एक अतिशय व्यवहारी डोकं दिसतं. घंटेचा गुन्हा काय होता? तिने लोकांना एकत्र बोलावलं. सत्तेला नेमकी त्याचीच भीती वाटते, तेव्हाही आणि आताही. शिक्षा घंटेला झाली खरी, पण ती बघायची होती माणसांनी.

क्रेमलिनच्या आवारातच चढाच्या तोंडाशी एक कमानदार इमारत आहे, जुना खजिना. तिच्या बांधकामात स्वीडिश युद्धकैद्यांचा हात होता. १७०९ च्या पोल्टावाच्या लढाईत स्वीडनचा पराभव झाला आणि पकडलेल्यांपैकी बरेच जण तोबोल्स्कला आले. त्यातला स्ट्रालेनबर्ग नावाचा अधिकारी सुमारे दहा वर्षं इथे होता. त्याने रिकामा वेळ सायबेरियाचा भूगोल आणि तिथल्या भाषा समजून घेण्यात घालवला आणि सुटून गेल्यावर १७३० मधे त्यावर पुस्तक छापलं. वरच्या गावातच जुनी कबरस्तानं आहेत. त्यातल्या एकात १८२५ च्या डिसेंब्रिस्ट बंडातले काही लोक पुरलेत. त्यात पुश्किनचा शाळासोबती क्युखेलबेकर सुद्धा आहे.

आणि क्रेमलिनला खेटूनच आहे तुरुंग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बांधलेला, आणि चालू कधीपर्यंत होता? १९८९ पर्यंत. म्हणजे माझ्या पिढीच्या जन्माच्या दहा-एक वर्षं आधीपर्यंत तिथे कैदी होते. आता तिथे संग्रहालय आहे. दस्तयेव्स्की हा तुरुंग पूर्ण व्हायच्या आधीच, जानेवारी १८५० मधे, बेड्या घालून ओम्स्कला जाताना या गावात थांबला होता. डिसेंब्रिस्टांच्या बायका त्याला इथेच भेटल्या. त्यांनी त्याला बायबलचा नवा करार दिला, त्याच्या बांधणीत दहा रूबल लपवलेले होते. ते पुस्तक त्याने मरेपर्यंत जपलं. गाइड लोक हे सगळं अगदी रंगवून सांगतात, आणि सांगावंच. पण याच तुरुंगाच्या आवारात १९३७-३८ मधे, स्टालिनच्या काळात, लोकांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्यात दस्तयेव्स्की नव्हता. तुमच्या-माझ्यासारखे शेतकरी, पाद्री, कारकून होते.

इथून पायऱ्या उतरा. खरं तोबोल्स्क खाली आहे.

खाली पूर्वीच्या गव्हर्नरचा बंगला आहे. शेवटचा झार निकोलस, त्याची बायको आणि पाच मुलं ऑगस्ट १९१७ ते १९१८ च्या वसंतापर्यंत इथे नजरकैदेत होती. ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या लोकांना इथे पाठवलं, तो स्वतःच इथे आला! आणि क्रांतीनंतर या बंगल्याचं नाव काय ठेवलं होतं? 'स्वातंत्र्य भवन'. रशियन विनोदबुद्धीला तोड नाही. इथे निकोलस लाकडं कापायचा, त्याचे फोटो आहेत. पुढे येकातेरिनबुर्गला जुलै १९१८ मधे सगळ्यांना मारलं. २०१८ पासून या बंगल्यात त्यांच्यावरचं संग्रहालय आहे.

त्या बंगल्यापाशी न थांबता पुढे चाला. हद्दपार झालेल्या पोलिश लोकांच्या वस्तीमुळे उभं राहिलेलं लाल विटांचं कॅथलिक चर्च दिसेल. मशीद दिसेल. येर्माकच्या आधीपासून ज्यांचा हा मुलूख होता त्या सायबेरियन तातारांचे वंशज अजून इथे राहतात. वरच्या गावात येर्माकच्या नावाचा १८३९ चा स्तंभ आहे, खाली त्याने जिंकलेल्या लोकांची मशीद. दोन्ही बघितल्याशिवाय हिशोब पूर्ण होत नाही. आणि मग दिसतील लाकडी घरं. खिडक्यांना कोरीव चौकटी, जमिनीत अर्धी रुतलेली, काही नीट ठेवलेली, बरीचशी वाकलेली, काही जळकी. खालची जमीन दलदलीची, वरून पुराचा त्रास. याच गावात १८३४ मधे मेंदेलेयेवचा जन्म झाला, आवर्त सारणीवाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक, त्यांची दृष्टी गेल्यावर आईने काचेचा कारखाना चालवून घर सांभाळलं. त्याच्या एका बहिणीने हद्दपार डिसेंब्रिस्टाशी लग्न केलं होतं. शिक्षा म्हणून पाठवलेल्या शिकलेल्या लोकांनी गावाला काय दिलं असेल, याचा अंदाज अशा घरांवरून येतो.

हे सगळं टिकलं कसं, याचं उत्तर गमतीशीर आहे. रेल्वे आली नाही म्हणून! १८८५ मधे रेल्वे त्युमेनला पोचली, पुढे ट्रान्स-सायबेरियन दक्षिणेकडून गेली आणि तोबोल्स्क बाजूला पडलं. गावात रेल्वे आली थेट १९६७ मधे, तेल आणि वायूच्या निमित्ताने. सॉफ्टवेअरमधे आपण ज्याला लेगसी म्हणतो तसंच, कोणाचं लक्ष नव्हतं म्हणून जुना कोड जसाच्या तसा राहिला. आता मोठा पेट्रोकेमिकल कारखाना आहे, पैसा आहे, नवा विमानतळ आहे. आणि आता प्रश्न असा, की या पैशातून काय जपायचं?

माझा मुद्दा इथेच आहे. दुरुस्ती आणि रंगसफेदी आधी पोचते ती वरच्या क्रेमलिनपर्यंत, कारण पर्यटक तिथे येतो. शिक्षा देणाऱ्यांच्या इमारती चकाचक, शिक्षा भोगणाऱ्यांचं गाव कुजतंय. आणि शिक्षेतही डावं-उजवं होतं. घंटा, दस्तयेव्स्की, झार, या सगळ्या जुन्या शिक्षा. त्या बघून कोणाला राग येत नाही, कोणाला जाब विचारावासा वाटत नाही. अलीकडच्या शिक्षेचं तसं नाही. सोव्हिएत काळातल्या बळींच्या नोंदी जमवणाऱ्या 'मेमोरियल' संस्थेला रशियन कोर्टाने डिसेंबर २०२१ मधे बंद करायचा हुकूम दिला. पुढच्याच वर्षी तिला शांततेचं नोबेल मिळालं. मॉस्कोतलं गुलाग संग्रहालय नोव्हेंबर २०२४ मधे बंद झालं, कारण दिलं आग प्रतिबंधक नियमांचं. आणि विरोधी नेता नवाल्नी फेब्रुवारी २०२४ मधे ज्या तुरुंगात वारला, ते खार्प गाव कागदोपत्री याच त्युमेन ओब्लास्तमधे मोडतं. म्हणजे घंटेची गोष्ट काही संपलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, अरे बाबा, आम्ही सुट्टी घालवायला जातो, प्रायश्चित्त घ्यायला नाही. मान्य. मीही सुट्टीत रडायला जात नाही. पण शिक्षा वगळली तर या गावात दाखवायला उरतं काय? गाइड स्वतःच फटके, बेड्या आणि नजरकैद विकतो. मग तेच जरा नीट बघायला काय हरकत आहे? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, की ज्या देशाने फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनवर युद्ध लादलंय तिथे फिरायला जावं का. याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. मी स्वतः युद्ध चालू असताना जाणार नाही. पण भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा मिळतो, बरेच जण जातायत आणि जाणार. त्यांनी निदान डोळे उघडे ठेवून जावं, एवढंच म्हणणं.

जाणारच असाल तर माझ्या मते कार्यक्रम असा करा. त्युमेनहून तोबोल्स्क सुमारे २५० किलोमीटर, रेल्वेने किंवा रस्त्याने काही तासांचं अंतर. आपली व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं मार्च २०२२ पासून तिथे चालत नाहीत, तेव्हा रोख पैसे जवळ ठेवा. येऊन-जाऊन एका दिवसात उरकू नका, एक रात्र राहा. सकाळी क्रेमलिन आणि घंटा, दोन-तीन तास पुरे. मग तुरुंग, आणि तिथे कोणत्या सालांच्या पाट्या मोठ्या आहेत, कोणत्या लहान, ते बघा. दुपारनंतर पायऱ्या उतरा आणि उरलेला सगळा वेळ खाली घालवा. जेवा तिथे, हाडावरच्या कोरीवकामाची एखादी वस्तू घ्या (तोबोल्स्क त्यासाठी प्रसिद्ध आहे), वाकलेल्या घरांच्या गल्ल्यांतून हिंडा. लोक खाली येतात, पैसे खाली खर्च करतात हे नगरपालिकेला दिसलं तर कदाचित रंगाचा डबा खालीही पोचेल. पर्यटकाच्या हातात तसं फार काही नसतं, पण कुठे उभं राहायचं एवढं तरी असतं.