अस्लम इनामदार

अस्लम मुस्तफा इनामदार हे भारतीय व्यावसायिक कबड्डीपटू असून प्रो कबड्डी लीगमध्ये 'पुणेरी पलटण' या संघाकडून खेळतात. ते मूळचे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील टाकळीभान येथील आहेत. चढाईपटू म्हणून त्यांची मुख्य ओळख असली तरी पकडीतही ते उपयुक्त ठरत असल्याने त्यांची गणना अष्टपैलू खेळाडूंमध्ये होते. २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात त्यांचा समावेश होता. त्यांच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी प्रो कबड्डी लीगचे पहिले विजेतेपद मिळविले.

मातीच्या मैदानावरून थेट लिलावाच्या बाजारात आलेल्या पिढीचे इनामदार हे एक ठळक उदाहरण आहे. लीगमुळे ग्रामीण खेळाडूला काय मिळाले आणि कोणत्या बाबतीत तो अद्याप असुरक्षित आहे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या कारकिर्दीतून स्पष्ट होतात.

पार्श्वभूमी

इनामदार लहान असतानाच त्यांच्या वडिलांचे निधन झाले. आईने मोलमजुरी करून कुटुंब सांभाळले. थोरला भाऊही कबड्डी खेळत असे. मात्र घराची जबाबदारी आल्याने त्याला खेळ मागे ठेवावा लागला. दोन भावांपैकी एकानेच खेळायचे, ही तडजोड महाराष्ट्रातील अनेक कबड्डीपटूंच्या घरांत झालेली दिसते.

कबड्डीचे नियम घडविण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पूर्वी 'हुतूतू' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळाला पुणे व परिसरातील संस्थांनी नियमबद्ध रूप दिले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक सादर केले. १९९० मध्ये बीजिंग येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला. तरीही या खेळावर उपजीविका करायची तर रेल्वे, पोलीस, सेनादल, बँक किंवा सार्वजनिक कंपनीत नोकरी मिळविणे हाच मार्ग दीर्घकाळ उपलब्ध होता. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि त्यानंतर खेळ हाच व्यवसाय होऊ शकतो, ही शक्यता प्रथमच निर्माण झाली.

लीगमधील पदार्पण

लीगमध्ये नवोदितांसाठी 'न्यू यंग प्लेअर' अर्थात नवयुवा खेळाडू ही स्वतंत्र योजना आहे. त्यानुसार संघ तरुण खेळाडूंना लिलावाविना, ठरावीक मानधनावर करारबद्ध करू शकतात. इनामदार यांचे पदार्पण आठव्या हंगामात झाले. करोनाच्या साथीमुळे डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळातील तो संपूर्ण हंगाम बंगळुरूमध्ये एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना खेळविण्यात आला. तेव्हा पुणेरी पलटणचे प्रशिक्षक भारताचे माजी कर्णधार अनुप कुमार होते.

त्या संघात राहुल चौधरी व नितीन तोमर हे नामवंत चढाईपटू होते. हंगाम पुढे सरकत गेला तसा चढाईचा भार मात्र इनामदार आणि हरियाणाचे मोहित गोयत या दोन तरुणांनी उचलला. संघ बाद फेरीत पोहोचला. तेथे यूपी योद्धाने त्याचा ४२-३१ असा पराभव केला. प्रसिद्ध नावांवर पैसा लावण्याऐवजी तरुण खेळाडू घडवून त्यांना संघात टिकविण्याचे धोरण पुणेरी पलटणने पुढे अधिक ठामपणे राबविले. इनामदार, गोयत आणि नाशिकचे आकाश शिंदे हे त्या धोरणाचे आधारस्तंभ ठरले.

नवव्या हंगामात (२०२२) बी. सी. रमेश प्रशिक्षक झाले. इराणचे बचावपटू फझल अत्राचली यांना १ कोटी ३८ लाख रुपयांत संघात घेण्यात आले व कर्णधारपद त्यांच्याकडे आले. संघाने प्रथमच अंतिम फेरी गाठली. मुंबईत १७ डिसेंबर २०२२ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने पुण्याला ३३-२९ असे हरविले. दुखापतीमुळे इनामदार या सामन्यात खेळू शकले नाहीत. दोन हंगामांत संघाचा कणा बनलेला खेळाडू निर्णायक दिवशी मैदानाबाहेर राहिला. पुढेही त्यांच्या कारकिर्दीत असे प्रसंग आले.

२०२३-२४ : यशाचे वर्ष

जून २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे आशियाई कबड्डी अजिंक्यपद स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारताने इराणला ४२-३२ असे हरविले. इनामदार या विजेत्या संघात होते. ७ ऑक्टोबर रोजी हांगचौ येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा भारत-इराण लढत झाली. शेवटच्या मिनिटांतील एका चढाईच्या गुणांवरून वाद होऊन सामना बराच वेळ थांबला. अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळवून २०१८ मध्ये जकार्ता येथे गमावलेले सुवर्णपदक परत मिळविले. त्या संघात महाराष्ट्राचे दोन खेळाडू होते, इनामदार आणि आकाश शिंदे.

दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने कर्णधारपद इनामदार यांच्याकडे सोपविले. इराणचे अष्टपैलू मोहम्मदरेझा शाडलुई चियानेह यांना २ कोटी ३५ लाख रुपयांत घेण्यात आले. साखळीतील २२ पैकी १७ सामने जिंकून, ३ बरोबरीत सोडवून आणि केवळ २ गमावून संघाने ९६ गुणांसह अव्वल स्थान मिळविले. हैदराबाद येथे झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळाला. त्या सामन्यात साताऱ्याचे पंकज मोहिते यांची चार गुणांची चढाई निर्णायक ठरली. हंगामातील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार इनामदार यांना मिळाला. २०१५ मध्ये यू मुंबाने जिंकलेल्या विजेतेपदानंतर महाराष्ट्राच्या संघाला हा मान प्रथमच मिळाला.

दुखापत आणि अकरावा हंगाम

अकराव्या हंगामात (ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४) गतविजेत्या संघाचे कर्णधार म्हणून इनामदार मैदानात उतरले. मात्र गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना हंगाम अर्ध्यावर सोडावा लागला व नेतृत्व आकाश शिंदे यांच्याकडे गेले. पुणेरी पलटण बाद फेरीत पोहोचू शकली नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाला. त्यात हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरविले. आदल्या वर्षीचा विजेता संघ स्वतःच्या शहरातील अंतिम सामन्यात नव्हता.

या घसरणीचे सारे कारण एका खेळाडूच्या गुडघ्यात शोधणे अपुरे ठरते. दहाव्या हंगामातील बचावाचा मुख्य आधार असलेले शाडलुई लिलावातून २ कोटी ७ लाख रुपयांत हरियाणाकडे गेले होते, आणि विजेतेपदही हरियाणाकडेच गेले. म्हणजे पुण्याने एकाच हंगामात बचावाचा खांब बाजारामुळे आणि चढाईचा खांब दुखापतीमुळे गमावला. बाजारात गेलेला खेळाडू पैसे देऊन परत घेता येतो किंवा त्याच्या जागी दुसरा आणता येतो. दुखापतीने गेलेले महिने मात्र कोणत्याही रकमेने परत मिळत नाहीत.

चढाईपटूला ही दुखापत वारंवार का होते, याचे उत्तर खेळाच्या रचनेत आहे. ३० सेकंदांच्या चढाईत त्याला सात जणांपर्यंतच्या बचावासमोर क्षणोक्षणी दिशा बदलावी लागते. शरीर वळत असतानाच घोटा किंवा मांडी पकडली जाते आणि सारा भार गुडघ्यावर येतो. मातीवर पाय घसरतो. मॅटवर बुटाचा तळ घट्ट धरून राहतो. मातीत वाढलेल्या खेळाडूला हा बदल अंगवळणी पाडून घ्यावा लागतो. 'तिसऱ्या चढाई'च्या नियमामुळे दोन रिकाम्या चढायांनंतर गुण घेणे भागच पडते, त्यामुळे धोका पत्करावाच लागतो. संघाचा हुकमी चढाईपटू असल्याने असे प्रसंग इनामदार यांच्या वाट्याला अधिक येतात.

बाराव्या हंगामासाठी (२०२५) संघाने त्यांना कायम ठेवले आणि कर्णधारपदही पुन्हा दिले. प्रशिक्षकपदी भारताचे माजी कर्णधार अजय ठाकूर आले. पुणे व दिल्ली या दोन्ही संघांनी साखळीतील १८ पैकी १३ सामने जिंकले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीतील अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणचा ३१-२८ असा पराभव केला. चार हंगामांत तीन अंतिम फेऱ्या हे संघबांधणीच्या धोरणाचे यश मानावे लागेल.

तुलनात्मक संदर्भ

व्यावसायिक खेळातील सुरक्षिततेचा विचार करताना फिनलंडचे आइस हॉकीपटू अलेक्सांडर बारकोव्ह यांचे उदाहरण उद्बोधक आहे. टाम्पेरे शहरातील टप्पारा क्लबमध्ये घडलेल्या बारकोव्ह यांना २०१३ मध्ये नवोदितांच्या निवडप्रक्रियेत अमेरिकेतील फ्लोरिडा पँथर्सने दुसऱ्या क्रमांकावर निवडले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने २०२४ व २०२५ मध्ये सलग दोनदा स्टॅनली चषक जिंकला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या हंगामाच्या सरावात त्यांच्याही गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तरुण वयात निवड, कर्णधारपद, विजेतेपद आणि त्यामागोमाग गुडघ्याची दुखापत, असा दोघांचाही क्रम आहे. फरक करारात आहे. बारकोव्ह यांचा करार आठ वर्षांचा आहे. दुखापतीचा काळ त्यात सामावून जातो. प्रो कबड्डीत खेळाडूला कायम ठेवायचे की लिलावात सोडायचे, हा प्रश्न दर हंगामाआधी नव्याने उभा राहतो. हंगामही जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो. उरलेल्या काळातील आहार, सराव व उपचार यांची सोय खेळाडूच्या पाठीशी असलेल्या संस्थेवर अवलंबून राहते.

परिसरातील परिणाम

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील वाघोली, शिक्रापूर, शिरूर या पट्ट्यातील तरुणांसाठी या कारकिर्दीचा अर्थ व्यावहारिक आहे. शिक्रापूर येथे चाकणकडून येणारा रस्ता या महामार्गाला मिळतो. सणसवाडी व रांजणगाव येथील कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. शाळा संपवून बाहेर पडलेल्या मुलासमोर कारखान्यातील कंत्राटी काम आणि मैदान असे दोन पर्याय असतात. कारखान्यातील पगार लहान असला तरी तो पहिल्या महिन्यापासून मिळतो; मैदानावर अनेक वर्षे केवळ गुंतवणूकच करावी लागते. लीगच्या अलीकडच्या लिलावांत सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमतही ९ लाख रुपये होती. त्यामुळे मैदानाचा पर्याय आज पूर्वीइतका अव्यवहार्य वाटत नाही. मात्र लीगमध्ये संघ मोजके आणि जागा मर्यादित आहेत.

लीगपर्यंत न पोहोचलेल्या किंवा वाटेत जायबंदी झालेल्या खेळाडूसाठी राज्य शासनाच्या नोकऱ्यांमधील ५ टक्के क्रीडा आरक्षण हा महत्त्वाचा आधार आहे. त्याचा लाभ मिळण्यासाठी विहित दर्जाच्या स्पर्धेतील कामगिरी व तिची पडताळणी आवश्यक असते. गावोगावी यात्रेनिमित्त होणाऱ्या स्पर्धांतील बक्षिसे या हिशेबात धरली जात नाहीत. यात्रेच्या मैदानात गुडघा गमावलेल्या मुलाला ना लीगचा वैद्यकीय चमू लाभतो, ना आरक्षणाचे प्रमाणपत्र.

मूल्यमापन

इनामदार यांच्या यशाने दोन गोष्टी सिद्ध केल्या आहेत. एक म्हणजे, महाराष्ट्रातील लहान गावातून आलेला खेळाडू पदार्पणापासून तिसऱ्याच हंगामात संघाला विजेतेपद मिळवून देऊ शकतो. दुसरी म्हणजे, दुखापतीनंतरही संघाने विश्वास कायम ठेवला तर खेळाडूला पुन्हा उभे राहण्याची संधी मिळते. पुणेरी पलटणने हा विश्वास स्वतःच्या धोरणातून दाखविला. लीगच्या नियमांनी त्यासाठी कोणत्याही संघाला बांधून ठेवलेले नाही. दीर्घ मुदतीचे करार, हंगामाबाहेरील उपचारांची हमी आणि जिल्हा पातळीवरील स्पर्धांमध्ये वैद्यकीय सोय या तीन बाबी जोवर संघाच्या मर्जीवर सोडलेल्या आहेत, तोवर अशा कारकिर्दीचे भवितव्य खेळाडूच्या कौशल्याइतकेच त्याच्या नशिबावर अवलंबून राहील.