बाहेरचा एक तास

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. दारात, गॅलरीत, खिडकीत गुढ्या उभ्या राहिल्या, पण रस्ते ओस होते. पुढचे कित्येक आठवडे शहरातल्या माणसाच्या वाट्याला खिडकीतून दिसेल तेवढेच आकाश आले. दूध, किराणा, औषध आणायला बाहेर पडण्याची मुभा होती. चार पावले चालण्यासाठी, उन्हात दहा मिनिटे उभे राहण्यासाठी ती नव्हती. महासाथीने काय हिरावले याचा हिशेब मांडताना मृत्यू, बुडालेला रोजगार आणि बंद शाळा यांची नोंद आधी झाली, आणि ते योग्यच होते. मात्र मोकळ्या हवेशी तुटलेला संबंध हीदेखील त्या काळातली एक खरी हानी होती. तिचा विचार आता शांतपणे करायला हवा, कारण पुढची साथ आल्यावर तेवढी उसंत मिळणार नाही.

या हानीचा पुरावा त्याच दिवसांत गोळा होत होता. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रियात टाळेबंदी असताना संशोधकांनी २८६ प्रौढांना सलग २१ दिवस, दिवसातून तीन वेळा, काही मोजके प्रश्न विचारले. आत्ता मन कसे आहे, घरात आहात की बाहेर, एकटे वाटते का, पडद्यासमोर किती वेळ गेला, असे ते प्रश्न होते. माणसे बाहेर असताना त्यांना अधिक बरे वाटत होते. एकटेपणा आणि पडद्यासमोरचा वेळ वाढला की मन खालावत होते. जपानमध्ये सक्तीची टाळेबंदी नव्हती, तरी टोकियोतील ३,००० रहिवाशांच्या पाहणीत हाच कल दिसला. जवळच्या बागेत वरचेवर जाणारे आणि घराच्या खिडकीतून झाडे दिसणारे लोक अधिक समाधानी होते. त्यांच्यात नैराश्य, चिंता आणि एकाकीपणाही कमी आढळला.

खिडकीचा हा गुण वैद्यकाला तसा जुना परिचित आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून एक छोटा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडे होती आणि निम्म्यांच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. भिंतीकडे पाहत राहणे म्हणजे काय असते, हे २०२० मध्ये असंख्य धडधाकट माणसांनी अनुभवले.

असे का होते, याचे एकच एक उत्तर नाही. उजेड हे त्यातले सर्वांत साधे. घरातला दिवा कितीही लख्ख वाटला तरी ढगाळ दिवशीचा बाहेरचा प्रकाशही त्याच्या कितीतरी पट असतो. शरीरातले झोप-जागेचे घड्याळ याच प्रकाशावर लागते. दिवसभर आत राहिले की ते घड्याळ सरकते, झोप बिघडते आणि तिच्या पाठोपाठ मनःस्थितीही. दुसरे कारण अवधानाचे. काम, बातम्या आणि पडदा यांवर लक्ष रोखून धरावे लागते आणि त्याने मन शिणते. झाडाची हलणारी पाने किंवा पाण्यावरची लाट यांकडे लक्ष आपसूक जाते आणि तेवढ्यात मनाला विसावा मिळतो, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांनी केली आहे. शिवाय बाहेर पडलेला माणूस चालतो आणि चार चेहरे पाहतो. बोलणे झाले नाही तरी आपण एकटे नाही, एवढे त्याला कळते.

मुलांच्या बाबतीत तर हानी मोजता आली. चीनच्या शानदोंग प्रांतातील फेईचेंग येथे शाळकरी मुलांची दृष्टी दरवर्षी तपासली जात होती. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत सहा वर्षांच्या मुलांमधील ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाण कधीही ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. काही महिने घरात काढल्यानंतर, २०२० च्या तपासणीत, ते २१.५ टक्के निघाले. वाढत्या वयातल्या डोळ्याला दूरवर पाहण्याची आणि भरपूर उजेडाची गरज असते. चार भिंतींत दोन्ही मिळत नाहीत. मुंबईत पहिलीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, हे लक्षात घेतले की आपल्या मुलांनी किती काळ आत काढला याची कल्पना येते.

या अभ्यासांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्यांचे मन आणि शरीर ठीक असते, तेच अधिक बाहेर पडतात, हे शक्य आहे. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसतात त्यांचे घरही बहुधा मोठे आणि उत्पन्नही बरे असते. बाग हा नैराश्यावरचा उतारा आहे, असे कोणी म्हणू नये. ज्याला उपचारांची गरज आहे त्याला उपचारच हवेत. पण ऑस्ट्रियातील अभ्यासात एकाच माणसाला पुन्हापुन्हा विचारले गेल्यामुळे त्याच्या घरातल्या आणि बाहेरच्या क्षणांची तुलना करता आली. वेगवेगळ्या देशांतील, वेगवेगळ्या पद्धतींच्या पाहण्या एकाच बाजूला कलतात, तेव्हा धोरण ठरवणाऱ्यांनी त्याची दखल घेणे भाग आहे.

मग संसर्गाच्या धोक्याचे काय? करोनाचा विषाणू मुख्यतः बंदिस्त, कोंदट आणि गर्दीच्या जागी पसरतो; मोकळ्या हवेत श्वासातले कण विरून जातात. उपलब्ध अभ्यासांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की नोंदल्या गेलेल्या संसर्गांपैकी दहा टक्क्यांहून कमी बाहेर झाले होते. मार्च २०२० मध्ये हे ठाऊक नव्हते आणि तेव्हाच्या प्रशासनाला त्यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र साथीत मोकळ्यावर जाणे ही महाराष्ट्राच्या आठवणीतली गोष्ट आहे. १८९६ नंतरच्या प्लेगात गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहिली. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांची शुश्रूषा केली तीही पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात. प्लेगचा उंदीर घरात होता म्हणून माणसे बाहेर पडली. करोनाचा धोकाही बंद खोलीतच अधिक होता, पण आपण माणसांना आत कोंडले.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग काढले. ब्रिटनने पहिल्या दिवसापासून रोज एकदा व्यायामासाठी बाहेर पडू दिले. फ्रान्सने घरापासून एक किलोमीटरच्या आत एक तासाची मुभा दिली. स्पेनने मुलांना सहा आठवडे घरात ठेवले आणि २६ एप्रिल २०२० पासून त्यांना रोज एक तास बाहेर सोडले. महाराष्ट्रात टाळेबंदी शिथिल करणाऱ्या ‘पुनश्च हरिओम’च्या पहिल्या टप्प्यात, जून २०२० च्या सुरुवातीला, मैदाने, बागा आणि समुद्रकिनारे पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळेत खुले झाले. तो निर्णय शहाणपणाचा होता. पण एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’च्या आदेशांनी उद्याने आणि किनारे पुन्हा बंद केले. दुसरी लाट भीषण होती, निर्बंध आवश्यक होते. तरीही मोकळ्या हवेचा धोका किती कमी आहे हे तोवर बरेचसे स्पष्ट झाले होते. फाटकाला कुलूप लावणे सोपे असते, म्हणून ते आधी लागते.

या कुलपाचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. ज्याच्या घराला अंगण, मागे परसू किंवा पुढे शिवार आहे, त्याला ‘घरातच राहा’ हा आदेश वेगळा ऐकू येतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील खोली आधी २२५ आणि नंतर २६९ चौरस फुटांची होती. धारावीतल्या कित्येक खोल्या त्याहून लहान आहेत आणि तिथल्या बहुसंख्यांना शौचालयासाठीही बाहेरच जावे लागते. त्याच धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एकेकाळी तिथे शहराचा कचरा टाकला जात असे. त्या जागेवर माणसांनी जंगल वाढवले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. सुमारे ३७ एकरांची ती सावली टाळेबंदीत लाखो कोंडलेल्या माणसांपासून हाकेच्या अंतरावर होती आणि बंद होती.

मुंबईत मोकळी जागा माणशी दोन चौरस मीटरही भरत नाही. तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी बागेत सोडता येणार नाही, ही अडचण खरी आहे. पण दूध केंद्रासमोर वर्तुळे आखून रांगा लावता येतात, तर वस्तीनिहाय पाळ्या लावून मैदानेही वापरता येतील. मुले, वृद्ध आणि एका खोलीत राहणारी कुटुंबे यांना त्यात पहिला मान हवा. सोसायट्यांनी गच्च्यांना कुलपे घालू नयेत. रहदारी थांबलेले रस्ते काही तास चालणाऱ्यांसाठी राखता येतील. प्रत्येक महापालिकेच्या साथ-नियंत्रण आराखड्यात खाटा आणि प्राणवायूबरोबर रोजच्या या एका तासाची तरतूद लेखी असावी. आणि साथ नसताना, विकास आराखड्यातील मैदानांची आरक्षणे उठवण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा, आरोग्य विभागाचे मत घेतल्याशिवाय त्यावर निर्णय होऊ नये.

कचऱ्याच्या ढिगावर जंगल उभे करण्याची कुवत या शहराने दाखवली आहे. त्या जंगलाच्या फाटकाची किल्ली साथीच्या दिवसांत कोणाच्या हाती असेल आणि ते कोणासाठी, किती वाजता उघडेल, हे ठरवणे त्याहून खूप सोपे काम आहे. ते आत्ताच करून ठेवावे.