पाठीवर पिशवी, खिशात पास

आमच्या शहराला पाठीवरच्या पिशवीचे नवल कधीच नव्हते. वेरूळ आणि अजिंठा या लेण्यांना १९८३ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. पण त्याच्या आधीपासून मध्यवर्ती बसस्थानकावर डोक्याच्याही वर जाणाऱ्या पिशव्या घेतलेले परदेशी तरुण-तरुणी दिसत. शहरातला बाजार आटोपून खुलताबादकडे परतणाऱ्या बायकांच्या शेजारी अंग चोरून बसत आणि वेरूळला उतरत. आपण त्यांच्याकडे कौतुकाने पाहिले, क्वचित ‘यांना घरदार नाही का?’ असेही म्हटले. आपल्या मुलामुलींनी असे निघावे, हे मात्र फारसे कुणाच्या मनात आले नाही.

मराठी माणूस प्रवासाला भितो असे नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली पुस्तकरूपाने आला. पैठणहून नाथांची पालखी पंढरीला निघते तेव्हा पाठीवर वळकटी टाकून चालणाऱ्यांत सत्तरीच्या आज्याही असतात. पण गोडसे भटजी दक्षिणेसाठी गेले, वारकरी विठ्ठलासाठी जातात. आपल्याकडे प्रवासाला कारण लागते. लग्न, मयत, बदली, परीक्षा, देवदर्शन. ‘सहज चाललो’ असे सांगणारा मुलगा घरात संशयितच ठरतो.

अशा सहज निघणाऱ्यांसाठी एसटी महामंडळाने १९८८ सालीच सोय करून ठेवली आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना. आज चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. पैसे एकदा भरायचे आणि मग पासाच्या प्रकाराला चालणाऱ्या गाडीत चढायचे, वाटेल तिथे उतरायचे. जागा मिळेलच याची हमी नाही, एवढीच काय ती मेख. पस्तीसहून अधिक वर्षे चाललेली ही योजना किती घरांत ठाऊक आहे? आपल्या शेजारच्या चार घरांत विचारून पाहावे.

सात दिवसांत काय होते? सकाळी आमच्या गावाहून सोलापूरची गाडी धरावी. गोदावरी ओलांडली की बीड, धाराशिव, तुळजापूर असा रस्ता उलगडत जातो. काळी जमीन, कापूस, मग ज्वारी. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. पंढरपुरावरून कोल्हापूर गाठेपर्यंत उसाचे राज्य सुरू होते आणि ताटात तांबडा-पांढरा येतो. पुढे आंबा घाट उतरला की माती लाल, घरे उतरत्या छपरांची. भाषाही तशीच बदलते. आमच्याकडचे ‘जायलो’ मागे राहते. हेच तोंड विदर्भाकडे वळवले असते तर ‘जाऊन राहिलो’ कानी पडले असते. शाळेच्या नकाशावर एकाच रंगात रंगवलेला महाराष्ट्र किती परींचा आहे, हे बसच्या खिडकीतून कळते तसे आगगाडीच्या किंवा विमानाच्या खिडकीतून कळत नाही. कारण बस गावातून जाते आणि दर थांब्याला नवा माणूस शेजारी येऊन बसतो.

एसटीचा जन्मही असाच तुकड्या-तुकड्यांनी झाला. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वे खात्यानेच २७ बसगाड्यांनिशी सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. १ जून १९४८ रोजी मुंबई प्रांतात पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हा मराठवाडा अजून निजामाकडे होता. त्याची सुटका १७ सप्टेंबरला झाली. मुंबई, मराठवाडा आणि नागपूर या तीन निरनिराळ्या बस व्यवस्था एकत्र होऊन आजचे महामंडळ उभे राहिले ते १९६१ साली. संयुक्त महाराष्ट्र कागदावर १९६० साली झाला. तो गावागावांत पोचवण्याचे काम बरेचसे या गाड्यांनी केले.

आता दुसरी बाजू. बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने मी पुष्कळ बसप्रवास केला आहे. त्यामुळे जमेच्या बाजूला लिहिले तेवढेच खर्चाच्या बाजूलाही लिहिता येईल. पाठ आखडते. मागच्या बाकावर बसल्यास खड्डा आधी मणक्याला कळतो. गाडी उशिरा येते, भरलेली येते, कधी येतच नाही. पाठीवरची पिशवी गर्दीत स्वतःला आणि इतरांनाही नकोशी होते. रात्री अकराला अनोळखी गावात उतरल्यावर लॉजवाला ‘रूम नाही’ म्हणतो, तेव्हा सकाळचा सारा उत्साह पिशवीच्या तळाशी जाऊन बसतो.

पण या खात्यात दोन निराळ्या नोंदी आहेत आणि आपण त्या एकत्र करतो. एक कष्टाची, दुसरी हेळसांडीची. आखडलेली पाठ, चुकलेली गाडी, फलाटावर काढलेले तीन तास हे कष्ट आहेत. त्यातून माणूस शिकतो. अनोळखी माणसाला विचारायला शिकतो, थांबायला शिकतो, कमी सामानात भागवायला शिकतो. शेजारणीने दिलेली अर्धी भाकरी संकोच न करता घ्यायला शिकतो. हे धडे विसाव्या वर्षी मिळावेत हे बरे.

पाणी नसलेले स्वच्छतागृह, कडी नसलेला दरवाजा, अंधारा फलाट, वर्षापूर्वीचे वेळापत्रक, विचारल्यावर ‘येईल’ एवढेच उत्तर देणारी खिडकी, यांतून कोणी काही शिकत नाही. ही हेळसांड आहे आणि तिला ‘प्रवासाची मजा’ म्हणणे हा पुरुषी भाबडेपणा आहे. ती सर्वांना सारखी भोवत नाही. मुलगा फलाटावर वर्तमानपत्र अंथरून रात्र काढील आणि पुढे ती गोष्ट रंगवून सांगेल. मुलीला ते शक्य नाही. लांबच्या प्रवासात बाया पाणीच पीत नाहीत, हे तर घराघरांत ठाऊक आहे.

हिशेबाने पाहिले तर पैशाची अडचण पुष्कळ कमी झाली आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून राज्यातल्या प्रवासात महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले, तरी या सवलतीमुळे बाईचा प्रवास पूर्वीपेक्षा स्वस्तच राहिला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली आणि राज्यभरातल्या आईबापांच्या मनात जी धडकी भरली, ती कुठल्याही सवलतीने जाण्यासारखी नव्हती. तिकीट निम्मे करून भागत नाही. वाट पाहण्याची जागाही निर्धास्त हवी.

त्यासाठी विमानतळासारखी स्थानके नकोत. रात्रभर जळणारे दिवे, पाणी आणि कडी असलेले स्वच्छतागृह, पिशवी ठेवून चार तास गाव पाहता यावे अशी सामानाची खोली, शेवटची गाडी किती वाजता हे मोठ्या अक्षरांत सांगणारा फळा आणि खिडकीत उत्तर देणारा जागा माणूस. एवढे जिल्ह्याच्या प्रत्येक स्थानकावर झाले तरी १९८८ सालच्या त्या पासाला खरा अर्थ येईल.

१९५७ साली लंडनहून एक बस प्रवाशांना घेऊन थेट कलकत्त्याला आली होती. पुढे त्या रस्त्याने हजारो तरुण हिंदुस्थानात उतरले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा आल्या आणि तो रस्ता जवळपास मिटला. रस्ते असे बंद होतात. आपल्या रस्त्यांवर ना सरहद्द आहे ना लढाई. ते काही मुलींना बंद आहेत ते दिवा, पाणी आणि कडी यांवाचून, आणि थोडे आपल्याही ‘काम काय तुझं तिथं?’ या प्रश्नामुळे.

दिवा आणि कडी महामंडळाकडून मागून घ्यावी लागेल. प्रश्न मात्र आपला आपल्याला मागे घेता येतो. परीक्षा संपल्यावर मुलीने पिशवी भरायला घेतली, तर तिला वेळापत्रक पाहून द्यावे, एक डबा जास्त द्यावा आणि म्हणावे, ‘जा. पोचलीस की फोन कर.’