पिकअप घ्यायची म्हणता?

दिवाळीत घरी गेलो तर काकांनी दोन ब्रोशर पुढ्यात टाकले. "इंजिनिअर ना तू? सांग, हायलक्स की व्ही-क्रॉस?" मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, पण आमच्या घरात अॅडमिशन झाली त्याच दिवशी मी इंजिनिअर झालो.

काकांचं खतांचं दुकान घरापासून चार किलोमीटरवर. रोजची फेरी तेवढीच, मालाची गाडी महिन्यातून दोनदा. बोलेरो पिकअप त्यांना नको, पिवळ्या नंबरप्लेटची गाडी लग्नाला कशी न्यायची म्हणतात. निम्मे पैसे बागेचे, निम्मे कर्जाचे.

ब्रोशरमधले आकडे भारी आहेत. 2022 साली भारतात आलेल्या हायलक्सचं इंजिन 2.8 लिटरचं, 204 पीएसचं, व्ही-क्रॉसचं 1.9 लिटरचं, 163 पीएसचं. पण मित्रांनो, रोज चालवायच्या गाडीत हे आकडे सगळ्यात शेवटी बघावेत असं माझं स्पष्ट मत आहे. मागे लीफ स्प्रिंग, म्हणजे आपले पाटे, ते वजन पेलण्यासाठी केलेले. हौदा रिकामा असला की गाडी खड्ड्यागणिक उडणारच. व्हायब्रेशनच्या वायवात जे पाठ म्हणून दाखवतो ते इथे कंबरेला कळतं!

खरी गोम डीपीएफमध्ये आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी धरणारी ही जाळी बसली. साठलेली काजळी जाळायला साधारण 600 अंश तापमान लागतं, आणि त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. चार किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतसुद्धा नाही. मग जाळी तुंबते, दिवा लागतो, तरी दुर्लक्ष केलं तर इंजिन ताकदच देत नाही. शिवाय काजळी जाळायला जास्तीचं डिझेल फवारलं जातं. ते काम अर्धवट राहत गेलं की त्यातलं थोडं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका.

म्हणजे इंजिन उत्तम, कंपनी नावाजलेली, आणि तरी काकांच्या हातात ती गाडी भरवशाची नाही. हेच त्यांना पटवता पटवता माझी सुट्टी संपली. आठवड्यातून शे-दीडशे किलोमीटर हायवे होत असेल तर जरूर घ्या म्हटलं. त्यातही हायलक्सकडे माझा कल, कारण तेच इंजिन फॉर्च्युनरमध्ये आहे, हात बसलेले मेकॅनिक सापडतात. पण त्याआधी सर्व्हिस सेंटर किती लांब आणि क्लचप्लेट किती दिवसांत मिळते, हे फोन करून विचारा. नाहीतर रोजच्याला छोटी पेट्रोल कार आणि मालाला भाड्याचा टेम्पो. हिशेब मी वहीत मांडून दिला, हप्त्यासकट.

"टेम्पो तर आत्ताही भाड्यानेच आणतो," काका एवढंच म्हणाले. परवा काकूचा फोन होता. दोन्ही ब्रोशर अजून उशाशीच आहेत म्हणे.