घरची न्याहारी आणि वरकस जमीन

बी, खत, कलमें व बाजारभाव यांविषयीं आमच्या शेतकरी बंधूंस या मासिकांतून पुष्कळ वाचावयास मिळतें. आज ज्या विषयाकडे आम्ही त्यांचें लक्ष वेधूं इच्छितों तो प्रथमदर्शनीं स्वयंपाकघरांतला वाटेल. तथापि त्याचें मूळ शेतांत आहे, असें आमचें नम्र मत आहे. तो विषय म्हणजे कुटुंबाची सकाळची न्याहारी.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत झाली. कोणत्या जमिनींत कोणतें पीक उभें आहे याची नोंद म्हणजे गांव नमुना बारा. हे कागद हाताळतां हाताळतां एक गोष्ट आमच्या नजरेंत भरली. जुन्या पानांवर वरकस जमिनीसमोर नाचणी, वरी, कुळीथ अशीं नांवें आढळत. पुढील पानांवर तेथें आंबा, काजू, किंवा नुसतें गवत व पड. सन २०२१ पासून ई-पीक पाहणीची ही नोंद खातेदारानें स्वतःच मोबाईलवर करावयाची आहे. तरी ज्यानें त्यानें आपला नमुना बारा उघडून पाहावा व मग घरची सकाळची ताटली पाहावी. नाचणी शेतांतून गेली आणि तिच्या मागोमाग भाकरी ताटलींतून गेली, असें पुष्कळांस आढळून येईल.

आमच्या लहानपणीं जामसंड्यास न्याहारी म्हणजे उकड्या तांदळाची पेज व तोंडीं लावावयास खारांतली कैरी. पावसाळ्यांत नाचणीची भाकरी, पाहुणा आला कीं घावणे, सणावारीं आंबोळ्या व काळ्या वाटाण्यांची उसळ, कधीं नारळाच्या गोड रसांत शिरवाळे, आणि फणसाच्या दिवसांत सांदणें. सांप्रत त्याच घरांत चहा, बटर, पाव व बिस्किटें आलीं आहेत. ज्याच्या कणगींत भात आहे तो सकाळीं दुकानाच्या पायरीवर उभा राहतो, हें आम्हांस शोभत नाहीं.

कोणी म्हणेल, पेज हें गरिबाचें अन्न. तसें म्हणणारानें जावा बेटांतील हकिकत लक्षांत घ्यावी. तेथें १८९० नंतरच्या दशकांत आयकमान नांवाच्या डच वैद्यास असें दिसलें कीं, सडीक पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या पाय लुळे पडून आजारी होतात, व कोंड्यासह तांदूळ दिल्यास सुधारतात. जीवनसत्त्वांच्या शोधाचा हा आरंभ होता, व त्याबद्दल त्यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. भात उकडल्यानें कोंड्यांतील ‘ब’ जीवनसत्त्वाचा कांहीं अंश दाण्यांत उतरतो व सडल्यावरहि टिकतो. शिवाय पेजेचें पाणी आपण टाकीत नाहीं. नाचणीचें तर काय सांगावें! १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तितक्याच पांढऱ्या तांदळांत तें १० च्या आसपास. वाढत्या मुलांच्या हाडांस काय हवें हें यावरून उघड आहे. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें. आम्हीं मात्र आपल्या वरकसावर गवत पाळलें आहे.

आतां जमाखर्च पाहूं. पांच माणसांच्या घरीं रोज ३० रुपयांचा पाव-बटर आला तरी वर्षाचे १०,९५० रुपये होतात. आंबा चांगला उतरला त्या वर्षीं हा आंकडा जाणवत नाहीं. परंतु अवेळीं पावसानें मोहोर गळला तर आंब्याचा पैसा येत नाहीं, आणि दुकानाची उधारी मात्र थांबत नाहीं. एका पिकावर पेटी आणि पोट दोन्ही टांगून ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

यावर दोन आक्षेप येतात, व ते खोटे नाहींत. पहिला, वानर व रानडुकरें नाचणी ठेवीत नाहींत. म्हणूनच दूरच्या भरडावर न पेरतां घराजवळच्या कुंपणांत, किंवा नव्या कलमांच्या ओळींमधल्या मोकळ्या जागेंत, पांच गुंठेच करावी. कुळीथ भात कापल्यावर त्याच ओलीवर घ्यावा.

दुसरा आक्षेप स्त्रियांचा आहे व तो अधिक वजनदार आहे. न्याहारी घरची व्हावी असें पुरुषांनीं ओटीवर बसून सांगणें सोपें. पहांटे चुलीपुढें बसावें लागतें तें तिलाच. आम्हीं निवृत्त झाल्यावर घरीं हाच उपदेश केला, तेव्हां सुनेनें शांतपणें विचारलें, “मामा, वाटणार कोण?” उत्तर नव्हतें. तेव्हांपासून भिजवण्याचें व वाटण्याचें काम आमच्याकडे आहे. चार वाट्या जाडे तांदूळ, एक वाटी उडदाची डाळ व चमचाभर मेथी दुपारीं भिजत घालावी, रात्रीं यंत्रावर वाटावी. सकाळपर्यंत पीठ फुगतें व आंबोळ्या होण्यास वेळ लागत नाहीं. चारांपैकीं एक वाटी तांदळाऐवजीं नाचणी घातली तरी चालते. आमचा पांच वर्षांचा नातू पेजेला नाक मुरडीत असे. नाचणीच्या आंबोळीस त्यानें अद्याप नाहीं म्हटलेलें नाहीं. बिस्किटाचा पुडा घरांत येतो, पण तो आतां रोज येत नाहीं.

आमचें मागणें थोडें आहे. येत्या मृगाला प्रत्येक खातेदारानें पांच गुंठे नाचणीस द्यावे, आठवड्यांतून चार दिवस तरी न्याहारी आपल्या दाण्याची करावी, आणि तिच्या कष्टांत स्वतः वांटा उचलावा. नमुना बारावर नाचणीचें नांव पुन्हां चढलें, तर तें घरांतल्या मुलांच्या अंगावर दिसेल.

— एक निवृत्त महसूल कारकून, जामसंडे