मौनाने मिळालेली परवानगी

घर बांधणे हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे, त्यात नगरपरिषदेने पडण्याचे कारण काय, असे पुष्कळ सुज्ञ गृहस्थही विचारतात. जागा आपली, पैसा आपला; मग नकाशा दुसऱ्यापुढे कशासाठी ठेवावा? नांदेड-लातूर हमरस्त्यावरील लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे रस्त्याकाठच्या प्रत्येक जागेला दुकानाचे व दुकानाला माडीचे वेध लागतात, तेथे ह्या प्रश्नाचा विचार शांतपणे झाला पाहिजे.

उत्तरासाठी दूर जावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि शेजारच्या लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांना मारिले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि मातीने जड झालेल्या माळवदांनी. कोणी म्हणेल, ती जुनी घरे होती, आता सिमेंट व लोखंड आले. परंतु ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ कोसळून ७४ जणांचा बळी घेणारी इमारत नव्या सामानाचीच होती. ती परवानगीवाचून काही महिन्यांत उभी राहिली होती. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीकडील धक्के नांदेडकरांनाही जाणवले. जमीन आपणांस विसरलेली नाही, एवढे त्यावरून समजावे.

आता कायदा पाहू. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे बांधकामासाठी आधी अर्ज करावा लागतो, आणि साठ दिवसांत निर्णय कळविला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. कचेरीच्या दिरंगाईने नागरिक नाडला जाऊ नये हा ह्या कलमाचा हेतू स्तुत्य आहे. पण त्याची दुसरी बाजू फारच थोड्यांस ठाऊक असते. बांधकाम नियमांत बसणारे असेल तरच ही मानीव परवानगी टिकते. नसेल तर ते अनधिकृतच ठरते. म्हणजे कचेरी गप्प राहिली, मालकाने बांधले, तिसऱ्याने गाळा विकत घेतला, आणि नोटीस आली ती त्या तिसऱ्याच्या नावाने! मौन एकाचे आणि दंड दुसऱ्याला, हा न्याय नव्हे.

अर्जांची छाननी म्हणजे निव्वळ छळ, ही तक्रार अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. म्हणूनच २०२० च्या एकत्रित नियमावलीने लहान भूखंडांवरील घरांसाठी रीत सुलभ केली. ते योग्यच झाले. परंतु सवलत देणे निराळे आणि डोळेझाक करणे निराळे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला, २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. गरिबाचे छप्पर वाचले, हे खरे. पण शुल्क भरल्याने कागद सुधारतो, अरुंद बोळ रुंद होत नाही आणि कच्चा खांब पक्का होत नाही. त्या बोळात अग्निशामक बंब शिरला नाही तर दाखला हाती धरून आग विझणार आहे काय?

आमचे म्हणणे एवढेच. नगरपरिषदेने आलेला प्रत्येक मोठा अर्ज, त्यावरील निर्णय व त्याची कारणे सोप्या मराठीत आपल्या दारावरील फलकावर लावावीत. दिलेल्या परवानग्यांचा तपशील आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने घातलेलेच आहे. त्यात नवे उपकार कोणी मागत नाही. साठ दिवसांच्या आत होय किंवा नाही असे स्पष्ट उत्तर द्यावे. जोते झाले की जाणत्या अभियंत्याने ते पाहावे. भिंती चढल्यावर चूक सांगणे सोपे, पण सुधारणे दुर्घट.

आणि व्यापारी बंधूंनो, आपण नाणे वाजवून घेता, धान्याची मूठ उन्हात धरून पाहता. मग आयुष्याची कमाई ज्या गाळ्यात घालावयाची त्याचा मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यावाचून सौदा का करावा? गिऱ्हाईक मागेल तर बांधणारा दाखवील, आणि बांधणारा मागेल तर कचेरीस मौन सोडावेच लागेल.